आसनक्रमांक नसलेला प्रवासी

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण जोडप्याने आम्हाला दारातच गाठले. दोन महिन्यांचे बाळ घेऊन त्यांना सिंगापूरला जायचे होते. पूर्वी लोक इतक्या लहान बाळांना विमानाने कसे नेत, असे विचारत होते. आम्ही चालता चालता उत्तर देऊन टाकले: कान, दूध आणि पाळणा. घरी गेल्यावर लक्षात आले की उत्तर अर्धेच झाले. आजचा तास उरलेल्या अर्ध्यासाठी.

आधी आमचीच गोष्ट सांगतो. 2007 साली आम्ही दोघे मुलीच्या बाळंतपणासाठी शिकागोला गेलो होतो. अळीव, डिंक, बाळगुटीचे साहित्य, सगळे बांधून नेले होते. नात झाली. तिला दवाखान्यातून घरी आणायचे तर मोटारीत बाळाची खुर्ची हवीच, हे तिथे गेल्यावर कळले. नर्सबाई खाली येऊन खुर्ची बघून गेल्या, मगच आम्हाला सोडले. घर होते पाच मैलांवर. पुढे सात आठवड्यांनी मुलगी, नात आणि आम्ही दोघे मुंबईला निघालो. अंतर सुमारे 8,000 मैल. नातीच्या तिकिटावर नाव होते, जन्मतारीख होती, आसनक्रमांक मात्र नव्हता. तिचे आसन म्हणजे आमची मांडी. आणि ती मोटारीतली खुर्ची? ती आम्ही सामानात टाकली, बरं का. त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणवणाऱ्या माणसालाही नाही.

आता थोडे मागे जाऊ. 15 मे 1930 रोजी एलन चर्च ही पहिली हवाईसेविका ओकलंडहून शिकागोला जाणाऱ्या विमानात कामाला लागली. ती शिकलेली परिचारिका होती आणि सुरुवातीच्या सगळ्याच सेविका परिचारिका असत. कारण उघड आहे. तेव्हाची विमाने हवाबंद नव्हती. खालून, वादळवाऱ्यातून उडत आणि माणसे आजारी पडत. कोंदलेल्या, हवाबंद केबिनचे पहिले प्रवासी विमान, बोइंगचे स्ट्रॅटोलायनर, 1940 मध्ये सेवेत आले. आपल्याकडे एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ 8 जून 1948 ला 35 प्रवासी घेऊन कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले, तोवर लांबच्या प्रवासाला हवाबंद विमाने रुळली होती. त्या सुमाराच्या ब्रिटिश विमानांची छायाचित्रे बघा: डोक्यावरच्या सामानाच्या फळीला बाळाचा पाळणा टांगलेला. आपल्या झोळीचीच आठवण होते. आज तो पाळणा समोरच्या भिंतीला लावतात, पण विमान चढता-उतरताना किंवा पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला त्यातून काढून घ्यावे लागते. काढून कुठे ठेवायचे? मांडीवर.

शरीराचा भाग थोडक्यात. केबिनमधली हवा साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. निरोगी मोठ्या माणसाला ते चालते. जन्मून 48 तास झालेले नसतील तर विमानप्रवास टाळा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुरत्या दिवसांच्या बाळालाही आठवडाभर थांबवा, असे छातीविकारतज्ज्ञ म्हणतात. अपुऱ्या दिवसांचे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नये. विमान उतरताना दूध पाजले की बाळ गिळते आणि कान मोकळे होतात. आमच्या आईच्या वेळी सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही, असा दंडक होता. त्यामागची कारणे वेगळी होती, पण इथे तो उपयोगीच पडतो.

म्हणजे हवेची काळजी विज्ञानाने घेतली. मांडीचा प्रश्न मात्र कितीतरी वर्षे कोणी नीट विचारलाच नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळे आसन नको, ही सवलत होती आणि सवलतीबद्दल कोण तक्रार करतो?

19 जुलै 1989. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-10 विमानाचे शेपटीकडचे इंजिन 37,000 फुटांवर फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. सुकाणू हलेना. कॅप्टन अल हेन्स आणि त्यांच्या साथीदारांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते विमान सू सिटीपर्यंत आणले. विमानात 296 माणसे होती. त्यांत चार मुले मांडीवरची. मुख्य हवाईसेविका जॅन ब्राउन यांनी नियमपुस्तिकेप्रमाणे त्यांच्या आईबापांना सूचना दिली: मुलाला पांघरुणात गुंडाळा, पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. दुसरा उपायच लिहिलेला नव्हता. विमान धावपट्टीवर आदळून तुटले, पेटले, एक मोठा भाग मक्याच्या शेतात उलटा पडला. 112 माणसे गेली, 184 वाचली. त्या चारांपैकी एक मूल गेले. बाहेर पडलेल्या ब्राउनबाईंना त्या मुलाची आई समोर भेटली, ती पेटत्या विमानाकडे परत निघाली होती. त्या भेटीनंतर बाईंनी पुढची कितीतरी वर्षे एकच मागणी लावून धरली: प्रत्येक बाळाला स्वतःचे आसन, स्वतःचा पट्टा.

यात धरणाऱ्याच्या प्रेमाचा प्रश्न नाही, गणिताचा आहे. गुरुत्वाच्या दहापट झटका बसला तर आठ किलोचे मूल हातांना 80 किलोचे होते. तीन किलोचे नवजात बाळ 30 किलोचे. 1988 च्या अमेरिकन नियमानुसार नव्या बनावटीच्या विमानांची आसने 16 पट झटक्याला तपासतात. आईच्या दंडांची अशी तपासणी नसते. 2 जुलै 1994 ला शार्लटजवळ विमान पडले, तेव्हा आईच्या मांडीवरची नऊ महिन्यांची मुलगी तिच्या हातांतून निसटली आणि गेली. आई वाचली.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 1990 मध्येच सक्तीची शिफारस केली होती. नियम करणाऱ्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने 1995 मध्ये अमेरिकन संसदेला अहवाल दिला: नको. का? तर तिकीट घ्यावे लागले की काही कुटुंबे मोटारीने जातील, आणि रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा. दहा वर्षांत विमानात पाच बाळे वाचतील, रस्त्यावर 82 जीव जास्तीचे जातील, असा अंदाज. 2003 मध्ये काही बालरोगतज्ज्ञांनी स्वतंत्र हिशेब मांडला, तोही त्याच दिशेला गेला. 2005 मध्ये प्रशासनाने पुन्हा नकार दिला. सक्ती आजही नाही.

ह्या हिशेबाला निष्ठुर म्हणून उडवून लावणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने 1968 मध्ये एक भेद दाखवला होता: ज्याचे नाव-गाव ठाऊक आहे असा एक जीव आणि फक्त आकड्यात दिसणारे जीव. पहिल्यासाठी आपण जग हलवतो, दुसरे आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. सू सिटीचे मूल दिसते. रस्त्यावर जाणारी 82 माणसे अजून कोणीच नाहीत. प्रशासन त्यांच्या बाजूने उभे राहिले, ही गोष्ट मानायला हवी.

पण हिशेबाच्या पोटात काय काय गृहीत धरलंय, ते बघा. पहिले गृहीतक असे की आसनाचे पैसे आईबाप देणार. ते आसन अगदी स्वस्तात दिले तर रस्त्याकडे वळणार कोण? म्हणजे 82 हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, दरपत्रकातून आलेला आहे. दुसरे गृहीतक आम्हाला फार उशिरा दिसले. पर्यायी रस्ता आहे, असे ते धरते. डेन्व्हर ते शिकागो रस्ता आहे हो! शिकागो ते मुंबई कुठला रस्ता? बाळाचे तिकीट महाग पडले म्हणून आमची मुलगी मोटार काढून अटलांटिक ओलांडणार होती का? समुद्रापलीकडच्या प्रवासाला तो युक्तिवाद लागूच पडत नाही. तरी नियम तोच.

पट्ट्याचेही तसेच गौडबंगाल. मोठ्यांच्या पट्ट्याला अडकवायचा बाळाचा जादा पट्टा ब्रिटनमध्ये लागतो, आपल्या विमानांतही देतात. अमेरिकेत चढता-उतरताना तो चालत नाही. मोठ्याचे शरीर पुढे येऊन बाळावर चिरडेल, अशी भीती. दोन्ही बाजूंना जाणकार आहेत. बाळाच्या स्वतःच्या खुर्चीबद्दल मात्र वाद नाही.

आणि प्रमाणही विसरू नका. विमान अतिशय सुरक्षित आहे. मांडीवर बसून लाखो बाळे सुखरूप पोहोचली, आमची नातही. जानेवारी 2024 मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दारासारखा तुकडा हवेत उडून गेला, तेव्हा तीन बाळे मांडीवर होती. तिघेही वाचली. भोकाला लागून असलेल्या दोन जागा योगायोगाने रिकाम्या होत्या.

आमच्या त्या प्रवासात ग्रीनलंडच्या अलीकडे विमान दोनदा जोरात खाली गेले. चहाचे कप सेविकांनी आधीच गोळा केले होते, पायाशी ठेवलेली पिशवी आत सरकवायला लावली होती. नात आमच्या हिच्या हातांत. हिने तिला छातीशी घट्ट धरले आणि आम्ही हिचे मनगट धरले. तेवढ्याने भागले, असे आम्ही कितीतरी वर्षे समजत होतो.

ते जोडपं आज मागच्या रांगेत दिसतंय. बाळालाही आणलंय, झोपलंय, म्हणजे व्याख्यान बरं झालं असावं. सिंगापूरची तिकिटं काढली का? आणि किती काढली, दोन की तीन? तो मायक्रोफोन जरा त्यांच्याकडे द्या. पहिला प्रश्न त्यांचा.