रस्त्यावर आणि शर्यतीत धावणाऱ्या इंजिनासाठी लिफ्टर कोणते?

बुलेटच्या जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनाचे 'टॅपेट सेट करणे' हा आपल्याकडील गॅरेजांत रुळलेला शब्दप्रयोग आहे. कॅमशाफ्टच्या उंचवट्यावर टेकून वर-खाली होणारा आणि पुशरॉड व रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडणारा लहानसा दंडगोल म्हणजे टॅपेट. अमेरिकेत त्यालाच लिफ्टर म्हणतात. तेथील आठ सिलिंडरांच्या पारंपरिक पुशरॉड इंजिनात असे १६ लिफ्टर असतात. एरवी रस्त्यावर चालवायची आणि सुटीच्या दिवशी पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत उतरवायची, अशा मोटारीचे इंजिन बांधणाऱ्यांपुढे या लिफ्टरच्या निवडीचा प्रश्न हमखास उभा राहतो. निवड चुकली तर किंमत एका सुट्या भागाची नव्हे, संपूर्ण इंजिनाची मोजावी लागते.

कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक लिफ्टर सेकंदाला सुमारे ५८ वेळा वर ढकलला जातो आणि तितक्याच वेळा स्प्रिंगच्या जोराने खाली येतो. लिफ्टरचे प्रकार दोन गोष्टींवरून ठरतात. त्याचा तळ सपाट आहे की त्याला रोलर बसवलेला आहे, ही पहिली. आणि तो आतून भरीव आहे की तेलाच्या दाबावर चालणारा, म्हणजे हायड्रॉलिक, ही दुसरी.

सपाट म्हटला जाणारा तळ वस्तुतः किंचित फुगीर असतो आणि कॅमचा उंचवटा किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहतो. हे फिरणे थांबले की उंचवटा काही मिनिटांत झिजून जातो. म्हणूनच नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर पहिली २० ते ३० मिनिटे इंजिन २,००० ते २,५०० फेऱ्यांवर चालवावे लागते; मंद गतीवर सोडून चालत नाही. जुना सपाट लिफ्टर दुसऱ्या उंचवट्यावर बसवणे तर निषिद्धच. त्यात तेलाचीही अडचण आहे. जस्त आणि फॉस्फरसयुक्त द्रव्य या घर्षणापासून संरक्षण देते. परंतु फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून २००४च्या 'एसएम' या मानकाने नेहमीच्या पातळ तेलांतील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची मर्यादा घातली. सपाट लिफ्टर स्वस्त असले, तरी जस्तयुक्त तेलाचा खर्च आणि सुरुवातीची धाकधूक त्यांच्या पदरी कायमचीच.

रोलर लिफ्टरला ही भीती नाही. फोर्डने आपल्या ५ लिटर इंजिनात १९८५ साली आणि शेव्हरोलेने स्मॉल-ब्लॉकमध्ये १९८७ साली हायड्रॉलिक रोलर कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. आतील तेलामुळे फट आपोआप भरली जाते, आवाज होत नाही, वरचेवर जुळणी करावी लागत नाही. मात्र ६,५०० फेऱ्यांच्या आसपास साधारण हायड्रॉलिक लिफ्टरची मर्यादा जाणवू लागते. स्प्रिंगची पकड सुटून व्हॉल्व्ह तरंगू लागला की निर्माण झालेली मोकळी जागा लिफ्टरमधील तेल भरून काढते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि शक्ती एकाएकी गळते. तरीही ज्यांचे इंजिन याच मर्यादेत राहणार आहे, त्यांनी चांगल्या प्रतीचे हायड्रॉलिक रोलर सोडून अन्यत्र पाहण्याचे कारण नाही.

त्यापुढे भरीव लिफ्टरचे राज्य सुरू होते. १९५७ साली कॉर्व्हेटच्या २८३ घनइंची इंजिनातून २८३ अश्वशक्ती मिळाली, ती झोरा आर्कस-डंटॉव्ह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भरीव लिफ्टरच्या कॅमवरच. आजच्या ड्रॅग इंजिनात भरीव रोलर वापरतात. शर्यतीच्या इंजिनाची तपासणी वरचेवर होते, त्यामुळे तेथे ते निभावतात. रस्त्यावर मात्र वेगळाच शत्रू भेटतो. तो म्हणजे सिग्नलवर मंद गतीत चालणारे इंजिन. रोलरच्या आतील सुयांच्या बेअरिंगला उडणाऱ्या तेलाच्या शिंतोड्यांवर वंगण मिळते आणि मंद गतीत शिंतोडे अपुरे पडतात. स्प्रिंगचा प्रचंड दाब मात्र तसाच राहतो. सुया तुटल्या की रोलर अडकतो, कॅम खरवडला जातो आणि पोलादाचे कण तेलाबरोबर इंजिनभर पसरतात.

यावर दोन उपाय निघाले. रोलरच्या पिनीपर्यंत दाबाखालील तेल पोहोचवणारे लिफ्टर हा पहिला. सुया काढून त्यांच्या जागी घट्ट बुश बसवणे हा दुसरा. बुशमध्ये तुटून विखुरण्यासारखे काही उरत नाही. दुहेरी वापरासाठी भरीव रोलर घ्यायचाच असेल, तर दाबाने तेल मिळणारा घ्यावा, आणि शक्य असल्यास बुशचा.

व्यासाचीही नोंद हवी. शेव्हरोलेचा लिफ्टर ०.८४२ इंचाचा, फोर्डचा सुमारे ०.८७५ आणि क्रायस्लरचा ०.९०४ इंचाचा. जुन्या ब्लॉकची छिद्रे झिजून मोठी झालेली असतात. तेथून तेल निसटते आणि महागडा लिफ्टरही डळमळतो. छिद्रे मोजल्याशिवाय लिफ्टर मागवू नयेत.

लिफ्टर वाचवण्यासाठी कमी दाबाची स्प्रिंग लावण्याची क्लृप्ती अनेक जण करतात. ती बहुधा उलटते. कमकुवत स्प्रिंगमुळे रोलर उंचवटा सोडून उडतो आणि परत येताना हातोड्यासारखा आदळतो. बेअरिंगचा जीव जातो तो या घावांनी. कॅम बनवणाऱ्याने सांगितलेलाच दाब ठेवावा आणि स्प्रिंग थकली की बदलावी.

भरीव लिफ्टरची फट वारंवार मोजण्याचा त्रास अनेकांना नकोसा वाटतो. पण धोक्याची पहिली सूचना मिळते ती तेथेच. इतर १५ व्हॉल्व्हची फट जागच्या जागी असताना एकाचीच काही हजारांश इंचांनी वाढली, तर स्क्रू फिरवून ती बसवण्यापूर्वी तो लिफ्टर बाहेर काढून रोलर बोटाने फिरवून पाहावा.