मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांवर

पाऊस ओसरला, काळ्या रानातला चिखल वाळून वाटा टणक झाल्या, की मराठवाड्यात प्रवासाचा हंगाम लागे. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की सावकारांचा माल, लमाणांचे बैलतांडे, यात्रेकरू आणि रजेवर गावी निघालेले शिपाई असे सगळेच वाटेला लागत. ठगांच्या टोळ्याही याच सुमारास घर सोडत.

निघण्याआधी वाटसरू धोक्याचा हिशेब मांडत, आणि तो कच्चा नसे. पेंढाऱ्यांची धास्ती लोकांच्या अंगात भिनलेली होती. 1818 साली पटकीची साथ दख्खनमध्ये उतरली होती. एकट्यादुकट्याने जाऊ नये, चार माणसांच्या सोबतीने जावे, वाटेत कोणी वजनदार गृहस्थ भेटला तर त्याच्या लवाजम्यात सामील व्हावे, असे शहाणपण घरोघरी सांगितले जाई. पंचाईत अशी, की हा हिशेब ठगांनाही तोंडपाठ होता. त्यांच्यातला ‘सोठा’ म्हणजे गोड बोलून सावज जोडणारा माणूस. पुढची वाट वाईट आहे, आपण मिळून जाऊ, एवढेच तो सुचवी. सोबत मिळाली म्हणून वाटसरू निर्धास्त होत. मग दोन-चार मुक्काम एकत्र होत, गप्पा रंगत, आणि एखाद्या संध्याकाळी टोळीचा जमादार सहज तंबाखू आणायला सांगे. तीच खूण असे. प्रत्येक वाटसरूच्या पाठीशी रुमाल घेतलेला माणूस आधीच बसलेला असे, आणि खड्डाही बहुधा खणून तयार असे.

कंपनी सरकारच्या फौजेला याचा सुगावा लवकर लागला होता. रजेवर गेलेले शिपाई परत येईनात, तेव्हा 1810 मध्ये मेजर जनरल सेंट लेजर यांनी उत्तरेतल्या सैन्यासाठी हुकूम काढला. रोकड जवळ बाळगू नका, पैसे हुंडीने पाठवा. उजाडण्यापूर्वी वाट धरू नका. अनोळखी माणसांपासून सावध राहा, असा त्याचा मथितार्थ. प्रवासातल्या जोखमीबद्दलची ही सरकारी सूचना आजही व्यवहारी वाटते. पण ती होती शिपायांसाठी. कापडाचे गठ्ठे बैलांवर लादून निघालेला व्यापारी माल हुंडीने कसा पाठवणार?

हिंगोलीत असेच घडले. निजामाच्या राज्यातल्या या गावी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. तिच्या बाजारात हरिसिंग नावाचा कापडाचा प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. अधिकाऱ्यांचा त्याच्याशी रोजचा व्यवहार. एकदा त्याने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला, आणि तो मिळालाही. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी असा माल घेऊन मुंबईहून निघाला आहे, हे हरिसिंगला ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांनाही वाटेत संपवले, रेनॉल्ड्स यांच्याच परवान्यावर माल छावणीत आणला आणि उघडपणे विकला. कोणाला शंकासुद्धा आली नाही. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे कबूल केले, तेही मोठी गंमत सांगावी तसे.

ही हकीकत फिलिप मेडोज टेलर यांनी ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या 1839 च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. ठगांचा म्होरक्या असलेल्या या हरिसिंगच्या टोळीने छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, अनेकांचे मुडदे पाडले आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर ते पुरले. माफीचे साक्षीदार एकेक जागा थंडपणे दाखवत होते, तेव्हा टेलर स्वतः तिथे हजर होते. जंगल, घाट, ओसाड माळ हीच जोखमीची ठिकाणे मानणाऱ्यांना हा तडाखाच होता.

गॅझेटियरच्या नोंदीनुसार ठगांविरुद्धची मोहीम जिथे आधी सुरू झाली अशा ठाण्यांत हिंगोली होते. काळ 1833 च्या सुमाराचा. या मोहिमेचे सूत्रधार विल्यम स्लीमन यांची पद्धत साधी पण चिवट होती. एका साक्षीदाराची जबानी दुसऱ्याच्या जबानीशी ताडायची, ठगांच्या वंशावळी मांडायच्या, खुनाच्या जागा नकाशावर टिपायच्या, मग तिथे खणून पाहायचे. वाटेतली जोखीम आजवर वाटसरू आपापल्या अदमासाने जोखत होते. आता ती दप्तरात आली. 1836 च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरला.

या दप्तरावर इतिहासकारांनी पुढे बरेच प्रश्न उभे केले. जीव वाचवण्यासाठी बोलणाऱ्या साक्षीदारावर कितपत विसंबायचे? भवानीच्या नावाने बळी देणारा देशव्यापी पंथ ही कल्पना साहेबांनी फुगवली नाही ना? किम वॅग्नर यांच्यासारखे अभ्यासक ठगांकडे पंथ म्हणून न पाहता, पोटापाण्यासाठी आणि स्थानिक जमीनदारांच्या आश्रयाने चालणारी लूटमार म्हणून पाहतात. हिंगोलीतल्या उघडलेल्या खड्ड्यांना मात्र टेलर यांच्यासारखा डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार आहे.

हिंगोलीची छावणी 1903 मध्ये उठली. ठगी आणि दरोडे खात्याचा कारभारही पुढच्याच वर्षी नव्या गुन्हे गुप्तवार्ता विभागाकडे गेला. तोवर लांबच्या वाटेचे बरेच प्रवासी आगगाडीत बसू लागले होते.