सार्वजनिक कोश आणि प्राथमिक शिक्षण : जोतीराव फुले ते डॉ. आंबेडकर

राज्याच्या कोशात येणारे धन कोण भरतो आणि ते कोणाच्या हितासाठी खर्च होते, हा प्रश्न पालि वाङ्मयाला अपरिचित नाही. दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात महाविजित राजा महायज्ञ करू इच्छितो. त्याचा पुरोहित त्यास सांगतो की, चोरांनी पीडलेल्या जनपदावर नवा कर बसविणे अनुचित ठरेल. शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकास वेतन द्यावे, म्हणजे उपद्रव शमेल. या सुत्तात शाळेचा उल्लेख नाही. परंतु प्रजेला उभे करण्यासाठी राजकोशातून खर्च करणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य होय, ही दृष्टी त्यात स्पष्ट आहे.

आधुनिक महाराष्ट्रात हा प्रश्न प्राथमिक शाळेच्या संदर्भात ठामपणे मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गास मिळतो. त्या काळी जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई व त्याचा एक-तृतीयांश भाग शिक्षणाकडे जाई. हा फंड भरणाऱ्या कुणब्याची मुले शाळेबाहेर होती. महार-मांगांची मुले तर जातिभेदामुळे सामान्य शाळेत बसूच शकत नव्हती आणि त्यांच्यासाठी काढलेल्या स्वतंत्र शाळा केवळ मोठ्या गावांपुरत्या होत्या. म्हणून वयाच्या निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी जोतीरावांची मागणी होती.

या मागणीला सरकारचे ठरलेले उत्तर पैशाच्या अभावाचे असे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मात्र सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आरंभिलेला सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १९०६ साली संपूर्ण बडोदा संस्थानाला लागू केला होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले, त्यासाठी दरसाल एक लाख रुपयांची तरतूद केली आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत प्रवेश देण्याचा हुकूम काढला. साम्राज्याच्या तिजोरीला जे परवडत नव्हते, ते एका संस्थानाच्या तिजोरीला परवडले. तेव्हा उणीव द्रव्याची नसून इच्छेची होती, असेच म्हणावे लागते.

या विचाराला अर्थशास्त्राची भक्कम बैठक दिली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाल्यानंतर १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापूर्वी अवघे आठ दिवस, शिक्षण खात्याच्या अनुदानावर त्यांनी भाषण केले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हे आकडे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. दारूतून होणारी वसुली शिक्षणावरील खर्चाच्या सुमारे अडीच पट होती. लोकांकडून अबकारीच्या रूपाने जेवढे घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असा त्यांचा साधा व न्याय्य आग्रह होता.

त्यांचा दुसरा मुद्दा आजही तितकाच महत्त्वाचा आहे. प्राथमिक शाळेत दाखल झालेल्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी निदर्शनास आणले. अपुरा खर्च ही काटकसर नव्हे. मूल टिकण्यापूर्वीच हात आखडला, तर आधी केलेला खर्चही वाया जातो. शिक्षण खाते घेतले तेवढेच द्यावे अशा व्यापारी हिशेबावर चालविता येणार नाही, हेही त्यांनी बजावले.

राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदाने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी १० वर्षांची मुदत ठरविली होती. ती १९६० साली संपली. हा हक्क मूलभूत ठरण्यास २००२ ची घटनादुरुस्ती आणि तो अमलात येण्यास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच आकडा पुन्हा उच्चारला, कारण तो गाठला गेला नव्हता. दरम्यान २०१७ साली महाराष्ट्र शासनाने १० हून कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचे जाहीर केले आणि २०२३ साली २० हून कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची कल्पना पुढे आली. पटावरील संख्या लहान असली, तरी ही मुले वाडी, वस्ती, तांडा आणि पाडा येथील आहेत. शाळा दोन कोस दूर गेली, की प्रथम मुलीचे नाव पटावरून उतरते. ज्या ८२ मुलांविषयी बाबासाहेब बोलले, त्यांचीच ही पुढची पिढी होय.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शासकीय शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, वंचित घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात स्थान असावे आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. या समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावयाचा असून अनुदानाचा आधार तोच आराखडा राहील, असे कायदा सांगतो. किती वर्गखोल्या, किती शिक्षक आणि किती निधी हवा, हे गावाने लेखी मागण्याचा अधिकार यातून मिळाला आहे. आपल्या वस्तीतील शाळेचा आराखडा झाला आहे काय, त्यात काय मागितले आणि प्रत्यक्षात काय मिळाले, याची चौकशी आपल्या उपासक-उपासिकांनी अवश्य करावी. १९२७ साली बाबासाहेबांनी सभागृहात जो हिशेब मागितला, तो मागण्याचे साधन आज प्रत्येक गावाच्या हाती आहे.