बाबासाहेबांचं बेकारीचं वर्ष

माझ्या आत्याचा झिल बी.ए. झाला त्याला तीन वर्षं झाली. आत्या काजूच्या कारखान्यात बिया फोडते. चिकानं काळ्या पडलेल्या हातांनी तिनं त्याची फी भरली. आता तो वालावलात घराबाहेर पडला की एकच सवाल. कर्लीच्या खाडीवर जा, लक्ष्मीनारायणाच्या तळीकडनं जा, सवाल तोच : "काय रे झिला, नोकरी गावली?"

गावातला विचारतो तेव्हा त्यात टोमणा असतो : राखीव जागा असूनसुद्धा? आणि आपल्या वाडीतला विचारतो तेव्हा त्याच्या हातात काठी असते. काठीचं नाव बाबासाहेब. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, आणि तू?" पोरगा आता काळोख पडल्यावरच बाहेर निघतो.

मी काही पदवीवाला नाही. दहावीनंतर इचलकरंजीकडे सूतगिरणीत लागलो, रिंगखात्यात. वाचतो ते पाळी सुटल्यावर. पण वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या १४ एप्रिलच्या भाषणांत एक वर्ष हमखास गाळलं जातं. भाषण अमेरिकेतनं सुटतं ते थेट महाडच्या तळ्यावर उतरतं. मधलं १९१७-१८ साल कुणी सांगत नाही. ते बाबासाहेबांच्या बेकारीचं साल.

सुरुवात आपल्याच मुलखातनं होते. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्काराला कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजी होते. केळूसकर म्हणजे आपल्या वेंगुर्ल्याकडच्या केळूसचे. त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या पोराच्या हातात ठेवलं. पुढं कॉलेजचा खर्च घराला झेपेना, तेव्हा त्यांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिना २५ रुपये मिळू लागले.

१९१३ च्या आरंभी बी.ए. होऊन भीमराव बडोद्याला नोकरीला गेले आणि २ फेब्रुवारीला वडील वारले. मग महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिका. बदल्यात करार : दहा वर्षं बडोद्याची चाकरी. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. मग लंडन. तिथला अभ्यास अर्धा असतानाच शिष्यवृत्ती संपली आणि ऑगस्ट १९१७ मध्ये ते परत आले. ज्या बोटीवर त्यांची पुस्तकं होती ती लढाईत बुडाली. पुस्तकांची भरपाई मिळाली, त्या पैशातनं बडोद्याचं भाडं निघालं.

आता बघा. बडोद्यात नोकरी होती. महाराजांचे लष्करी सचिव! पण पाठ टेकायला जागा नव्हती. हिंदू हॉटेलात घेईनात. नाव बदलून पारशाच्या धर्मशाळेत राहिले, रोज दीड रुपया देऊन. कचेरीत शिपाई फायली लांबनं टाकत. प्यायला पाणी नाही. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले : संध्याकाळच्या आत चालता हो. ओळखीचे दोघे होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरात घेतलं नाही. रात्रीच्या गाडीपर्यंत तो एम.ए. झालेला माणूस सार्वजनिक बागेत बसून राहिला. रडला.

मुंबईला परत आले ते परळच्या चाळीत, घरी रमाई. हाताला काम नाही. दोन पारशी पोरांच्या शिकवण्या धरल्या. शेअरवाल्यांना सल्ला देण्याचा धंदा काढला. गिऱ्हाईक येऊ लागलं. मग कळलं की सल्ला देणारा अस्पृश्य आहे. गिऱ्हाईक बंद. धंदा बंद. हिशेब त्याला येत नव्हता म्हणून नव्हे!

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, महिना ४५० रुपयांची. तिथंही काही प्राध्यापकांनी पाण्याच्या माठावरून कुरकुर केली. मार्च १९२० मध्ये ती नोकरी त्यांनी सोडली आणि त्याच महिन्यात आमच्या इचलकरंजीजवळच्या माणगावात, शाहू महाराजांच्या शेजारी, परिषदेचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले.

म्हणजे काय? अठरा तास अभ्यास केलेल्या माणसावरसुद्धा बेकारी आली. त्या माणसात काही कमी नव्हतं. कमी होतं ते दार उघडणाऱ्यांत. मुंबईच्या गिरण्यांतही हेच. विणाई खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून आपल्या माणसाला तिथं मज्जाव. हात तेच, साचा तोच, फक्त तोंड आमचं! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल मालकालाही विचारला आणि युनियनलाही.

पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण बौद्ध झालो. दिल्लीच्या कायद्यात अनुसूचित जाती म्हणजे हिंदू आणि शीख. महाराष्ट्र सरकारनं सवलती दिल्या, केंद्रानं नाही. पदवी घेतलेल्या पोरानं कागदावर काय लिहायचं? 'बौद्ध' लिहिलं तर केंद्राची राखीव जागा गेली, 'हिंदू महार' लिहिलं तर आतला माणूस गेला. ही कोंडी १९९० साली सुटली. चौतीस वर्षं! तेवढ्यात बी.ए. झालेल्यांची एक पिढी म्हातारी झाली. त्यांनाही कुणीतरी विचारलंच असेल, "नोकरी गावली?"

आणि आज? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा, अर्ज दहा लाखांच्या वर. अठरा तास सगळ्यांनी अभ्यास केला म्हणून जागा दहा लाख होत नाहीत. हा साधा हिशेब आहे, गिरणीतल्या माणसालाही येतो.

तेव्हा वाडीतल्या जाणत्यांनो, एक मागणं आहे. बाबासाहेबांची काठी करू नका. ती काठी आत्याच्या पाठीवरही पडते. येत्या १४ एप्रिलला विहारात हे गाळलेलं वर्ष मोठ्यानं सांगा. बडोद्याची बाग सांगा, बंद पडलेला धंदा सांगा. पोराला समोरच्या रांगेत बसवा, आणि सवाल त्याला नको, जागा न भरणाऱ्यांना विचारा.

आणि तू, झिला, दिवसाउजेडी बाहेर पड. नोकरी नाही म्हणून तोंड लपवायचं तर पहिलं तोंड परळच्या चाळीत लपलं असतं. मग आपण कुठं असतो?