कायदेमंडळात कामगारांची बाजू : ना. म. जोशी यांचे कार्य

कायदेमंडळातील भाषणांचा कामगाराला काय उपयोग, हा प्रश्न आमच्या चळवळीत वारंवार विचारला जातो. संप आणि मोर्चा डोळ्यांना दिसतो. भाषण मात्र छापील कार्यवृत्तात पडून राहते, अशी समजूत आहे. ही समजूत पारखून पाहायची तर नारायण मल्हार जोशी यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. लोअर परळच्या डिलाईल रोडला त्यांचे नाव दिलेले आहे. त्या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात. परंतु हे जोशी कोण, असे विचारले तर उत्तर देणारे थोडे.

जोशींचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. काही वर्षे शिक्षकाचा पेशा करून १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात शिरले. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग निघाली, तिचे ते आधारस्तंभ. गिरणगावातील रात्रशाळा आणि वाचनालये यांच्या कामातून त्यांनी कामगारांचे जिणे जवळून पाहिले. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. १९२० मध्ये मुंबईत आयटक स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. आणि १९२१ पासून सुमारे पंचवीस वर्षे ते मध्यवर्ती कायदेमंडळात बसले.

येथेच एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. जोशी निवडून आलेले नव्हते; सरकारने त्यांना कामगारांच्या वतीने नेमले होते. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता आणि कर यांच्यावर अवलंबून असे. चाळीतल्या एका खोलीत दहाजण राहणाऱ्या साचेवाल्याला मत कुठले? ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांना मत नाही, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलायचे त्या सरकारनेच खुर्ची दिलेली, असा हा पेच होता. अशा खुर्चीवर बसून माणूस मिंधा होतो की नाही, ही जोशींची खरी कसोटी होती.

पहिल्याच वर्षी, १९२१ मध्ये, त्यांनी ठराव मांडला की, कामगार संघांची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी सरकारने कायदा करावा. या मागणीची निकड समजायला आधीच्या वर्षीची मद्रासची हकीकत ठाऊक हवी. तेथे बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील तंट्यात मालकांनी हायकोर्टात जाऊन बी. पी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध मनाईहुकूम मिळवला. कामगारांना नोकरीचा करार मोडायला चिथावले, हा त्यांच्यावरचा आरोप! शेवटी वाडियांना त्या संघाशी असलेला संबंध सोडावा लागला. म्हणजे संघ काढणे हा गुन्हा नव्हता. परंतु संघाने आपले काम केले की नुकसानभरपाईचा दावा डोक्यावर टांगलेला.

जोशींचा ठराव मंजूर झाला. पण कायदा व्हायला पाच वर्षे लागली. १९२६ मध्ये तो मंजूर झाला आणि १ जून १९२७ पासून अंमलात आला. त्या कायद्याने सात सभासदांच्या सह्यांवर संघाची नोंदणी होऊ लागली. औद्योगिक तंट्यासाठी केलेल्या कृतीबद्दल फौजदारी कटाचा खटला आणि दिवाणी दावा यांपासून नोंदलेल्या संघाला काही मर्यादेत संरक्षण मिळाले. पदाधिकाऱ्यांत निम्म्यापर्यंत बाहेरची माणसे घेता येऊ लागली. माझ्यासारखा बाहेरचा कार्यकर्ता गिरणीच्या फाटकाशी उभा राहून कामगारांच्या वतीने बोलतो, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन या वादविवादांनी तयार केलेली असते. पुढे त्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या, आणि २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत तो विषय समाविष्ट झाला. कलमे बदलली, परंतु संघाच्या कायदेशीर अस्तित्वाचे मूळ तेथेच आहे.

प्रत्येक वेळी यश आले असे मात्र नाही. १९२४ मध्ये जोशींनी बाळंतपणाच्या रजेचे आणि भत्त्याचे विधेयक आणले. बाळंतपणासाठी काम सोडले की बाईची मजुरी बुडे. म्हणून ती दिवस भरेपर्यंत राबे आणि ओली बाळंतीण असतानाच कामावर परते. एवढी साधी गोष्ट सभागृहाला पटली नाही. पुढल्या वर्षी विधेयक फेटाळले गेले. परंतु विषय मेला नाही. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने असा कायदा केला. मागाहून इतर प्रांतांनी केले. आणि १९६१ मध्ये स्वतंत्र भारताच्या संसदेने देशाचा कायदा केला. पराभूत विधेयकापासून त्या कायद्यापर्यंत सदतीस वर्षे गेली. तेवढ्यात किती बायका झिजल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

१९२९ साल कसोटीचे होते. सार्वत्रिक आणि सहानुभूतीच्या संपांवर बंधने घालणारे औद्योगिक तंट्यांचे विधेयक सरकारने पुढे रेटले. ८ एप्रिलला त्याचा निकाल लागताच भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच सभागृहात, सरकारने नेमलेल्या खुर्चीवरून, जोशींनी त्या विधेयकाला विरोध केला होता, हे फारसे सांगितले जात नाही. आदल्या वर्षी मुंबईच्या गिरण्यांचा सुमारे सहा महिन्यांचा संप झाला. त्याच्या संयुक्त समितीत डांगे यांच्यासारख्या कम्युनिस्टांबरोबर हे नेमस्त गृहस्थ बसले होते. तेव्हा संप म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते.

त्यांच्यावरील आक्षेपही झाकू नये. त्याच वर्षाअखेर नागपूरच्या अधिवेशनात, सरकारने नेमलेल्या व्हिटले कमिशनवर बहिष्कार घालावा की नाही, यावरून आणि इतर मतभेदांवरून आयटक फुटली. जोशी त्या कमिशनचे सभासद होते; ते व त्यांचे सहकारी बाहेर पडले. ज्या वेळी एकी हवी होती त्याच वेळी चळवळ दुभंगली. जहालांनी त्यांना सरकारधार्जिणे म्हटले. परंतु कमिशनच्या १९३१ च्या अहवालाने कामगारांच्या दुःस्थितीची जी माहिती उजेडात आणली, तिचा आधार पुढे सर्वच पक्षांनी घेतला. १९४० मध्ये एकी पुरी झाली, आणि जोशी पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले.

आणि नेमणुकीच्या पेचाचे काय? गोलमेज परिषदेत प्रौढ मतदानाचा आग्रह धरणाऱ्यांत डॉ. आंबेडकरांबरोबर जोशीही होते. स्वतः मताशिवाय खुर्ची मिळालेल्या माणसाने मागितले ते हे, की कामगाराला मत मिळावे आणि त्याने आपला माणूस स्वतः निवडावा. ३० मे १९५५ रोजी ते वारले, त्याच्या तीन वर्षे आधी प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली होती.

फाटकाबाहेर संघटना नसेल तर सभागृहातले भाषण पोकळ ठरते, हे खरेच. परंतु फाटकावर मिळवलेले कायद्यात उतरवणारा कोणी नसेल, तर पुढल्या मंदीत ते निसटून जाते. जोशींजवळ मत नव्हते, तरी त्यांनी ते काम केले. आपल्याजवळ मत आहे. आपण निवडून दिलेला प्रतिनिधी सभागृहात काय बोलतो, कोणत्या विधेयकाच्या वेळी हजर असतो आणि कोणत्या वेळी गैरहजर, एवढी चौकशी आपण केली तरी पुष्कळ होईल.