एकावर नजर, बाकीचे थांबलेले

चौसाळ्यात लहानपणी मी कबड्डी खेळायचो. चढाईला गेलो की एकाच गड्यावर नजर खिळायची, आणि हमखास दुसऱ्या बाजूनं साखळी येऊन पकडायची. पुढं व्हिडिओ गेम हातात आला. तिथं मात्र एकावरच नजर ठेवून मी जिंकायला लागलो! असं कसं?

उत्तर १९९८ साली आलेल्या एका गेममध्ये आहे. निन्टेंडोचा ‘ऑकरिना ऑफ टाइम’ तयार होत होता. त्रिमितीत तलवार चालवायची तर शत्रू समोर टिकायला हवा ना! तोरू ओसावा आणि योशिआकी कोइझुमी क्योटोच्या तोएई स्टुडिओ पार्कमध्ये गेले. तिथल्या लढाईच्या प्रयोगात नायकाभोवती बरेच जण होते; पण वार एका वेळी एकच करायचा, बाकीचे थांबायचे. एक निंजा साखळीच्या कोयत्यानं समोरच्याला अडकवून त्याच्याभोवती फिरत होता.

त्यातूनच ‘झेड’ बटण आलं. दाबलं की शत्रूशी जणू अदृश्य साखळी जुळते. मग बाजूला उडी, मागं कोलांटी; वार चुकवणंही सोपं, कारण शत्रू कुठंय हे पक्कं ठाऊक. आणि बाकीचे? ते पाळी येईपर्यंत थांबतात. माझ्या विजयात त्यांचाही वाटा होता म्हणायचा!

२०११ च्या ‘डार्क सोल्स’मध्ये ही सवलत राहिली नाही. एकावर लॉक धरून बसलो की मागून दुसरा हाणतो. लॉक कधी सोडायचं, तेही शिकावं लागतं. पहिल्यांदा तसा मेलो, तेव्हा चौसाळ्याचं मैदानच आठवलं.