सोन्याचा जासूद

चिनी ड्रॅगन म्हटला की सम्राट, सिंहासन आणि पाच नख्यांचा पंजा आपल्याला आठवतो. ही ओळख खोटी नाही. पण धातूवर कोरलेल्या अक्षरांत त्याची आणखी एक नोकरी नोंदलेली आहे. तिचा माग काढायचा तर सुरुवात अशा वस्तूपासून करावी लागते, जिच्या मजकुरात ड्रॅगनचे नावच नाही.

१९८२ साली हनान प्रांतातल्या सोंगशान पर्वतावर एका शेतकऱ्याला खडकाच्या कपारीत सोन्याचा पत्रा सापडला. लांबी ३६ सेंटीमीटर, रुंदी ८, आणि वजन मात्र सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. म्हणजे पत्रा अगदी पातळ. त्यावर ६३ अक्षरे आहेत, प्रत्येक दुहेरी रेघांनी कोरलेले. मजकूर अर्जाचा आहे. झोउ राज्याची स्वामिनी वू झाओ देवलोकीच्या अधिकाऱ्यांना विनवते, की आपल्या नावावरची पापे खोडून टाकावीत. खाली निरोप नेणाऱ्या हू छाओचे नाव आणि सातव्या महिन्याची ७ तारीख.

साल लिहिले आहे ते साठ वर्षांच्या चक्रातले, ‘कंग-झ’. ते ६४०, ७०० आणि ७६० या तिन्ही वर्षी येते. पण वू झाओची झोउ राजवट ६९० ते ७०५ एवढीच. शिवाय ‘झाओ’ हे अक्षर तिने स्वतःसाठी घडवून घेतलेले. तेव्हा ७०० हे साल निर्विवाद. सम्राज्ञीने तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती.

पत्रा ‘टाकला’ एवढेच त्यात म्हटले आहे. तो वर पोहोचवायचा कोणी?

याचे उत्तर दुसऱ्या एका पट्टीवर मिळते. ती कांस्याची आहे, हूनानमधल्या हंगशान पर्वतावरची, आता ग्वेइचौच्या संग्रहालयात असलेली. साल ७३८. सम्राट शुआनझोंग स्वतःचे नाव आणि जन्मतिथी सांगून दीर्घायुष्य मागतो. राज्यपदामुळे दर्शनाला येता येत नाही, म्हणून ताओपंथी सुन झिल्यांगच्या हाती हे पत्र धाडतो, असेही कळवतो. शेवटी येतो तो मोलाचा तपशील: पुढचा टपाल-प्रवास सुवर्ण ड्रॅगनने करावा. शब्द वापरला आहे तो सरकारी डाकचौक्यांचा. म्हणजे इथे ड्रॅगन हा सत्तेचा शिक्का नाही. तो जासूद आहे.

७३८ सालचा पुरावा ७०० सालाला लावता येईल का? नुसत्या साम्यावर मी लावला नसता. पण थायशान पर्वतावरचा एक शिलालेख मदतीला येतो. वू झाओच्याच आज्ञेने मा युआनझेन या ताओपंथीयाने पाच पवित्र पर्वत आणि चार नद्यांच्या ठिकाणी ड्रॅगन अर्पण करण्याची कामगिरी पत्करली, अशी त्यात ६९१ सालची नोंद आहे. सोंगशान हा त्या पाचांपैकी मधला पर्वत. तेव्हा तिच्या काळात हा विधी होता, हे पक्के. ७०० साली त्या कपारीत पत्र्यासोबत ड्रॅगनही ठेवला होता, हे मात्र अनुमानच.

खरेखुरे ड्रॅगन १९७० साली शीआनमधल्या हज्यात्सुन इथे मिळाले. मातीचे दोन रांजण आणि चांदीचे एक भांडे यांत थांग काळात हजारावर ऐवज पुरलेले होते. त्यांत सोन्याचे १२ छोटे ड्रॅगन आहेत, जेमतेम ४ सेंटीमीटर लांबीचे, चौपायी उभे, चालायला निघाल्यासारखे. ते याच विधीसाठी घडवले असावेत, असे अभ्यासकांना वाटते, आणि मलाही ते पटते. पण हे घबाड डोंगरातले किंवा डोहातले नाही, तेव्हाच्या राजधानीतल्या वस्तीतले आहे. विधीचेच असतील, तर हे जासूद मुक्कामावरून निघालेच नाहीत.

शेवटची साक्ष अकराव्या शतकातली. सोंग मिनछ्यू या दरबारी विद्वानाने लिहून ठेवले आहे, की अर्पणाच्या जागा दुर्गम, सामान वाहून नेण्याचा जाच स्थानिक कचेऱ्यांना होई, म्हणून सम्राट रेनझोंगने फक्त २० जागा ठेवून बाकीच्या बंद केल्या. मग हा गृहस्थ, बहुधा निव्वळ कुतूहलापोटी, दरबारी अकादमीतून या विधीचा ‘सुवर्ण ड्रॅगन’ आणि त्यासोबतची ‘जेडची पट्टी’ मागवून स्वतः तपासतो. पट्टी साध्या दगडाची निघाली आणि ड्रॅगन तांब्याचा.